रेशनचा हक्क कायद्यात आहे, मग ‘इष्टांक शिल्लक नाही’ म्हणजे काय?

घरात बाळ जन्मलं किंवा सून आली की रेशनकार्डावर नाव चढवण्यासाठी लोक तहसील कार्यालयात जातात, मुंबईत असतील तर शिधावाटप कार्यालयात. नाव चढतं. पण त्या नावावर महिन्याचं पाच किलो धान्य सुरू होईलच असं नाही. कुटुंब गरीब आहे, कागदपत्रं बरोबर आहेत, तरीही ‘इष्टांक शिल्लक नाही’ असं उत्तर मिळू शकतं.

इष्टांक म्हणजे राज्याला ठरवून दिलेली लाभार्थ्यांची कमाल संख्या. महाराष्ट्रासाठी ती साधारण ७ कोटी आहे. मृत्यू, स्थलांतर किंवा अपात्रता यामुळे यादीतली नावं कमी झाली, तरच नव्या माणसाला जागा होते. आणि ही संख्या आजच्या नव्हे, तर २०११ च्या लोकसंख्येवरून काढलेली आहे.

अन्न हा हक्क झाला कसा?

मूळ राज्यघटनेत अन्नाचा उल्लेख मूलभूत हक्कांमध्ये नाही. लोकांचं पोषण सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे, असं अनुच्छेद ४७ म्हणतो. पण तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे आणि या तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयात मागता येत नाही, असं अनुच्छेद ३७ सांगतो. ती न पाळणाऱ्या सरकारला निवडणुकीत मतदारांना उत्तर द्यावं लागेल, अशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची संविधान सभेतली मांडणी होती.

न्यायालयाने त्यातून वाट काढली ती अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा अर्थ वाढवत. १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. (फुटपाथवरच्या झोपड्या मात्र त्या निकालाने वाचल्या नाहीत. कारवाई फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबली.)

अन्नाच्या बाबतीत खरा बदल झाला २००१ मध्ये. राजस्थानात दुष्काळ होता, लोक उपाशी होते आणि सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती. पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने अन्नाशी संबंधित आठ सरकारी योजनांचे लाभ कायदेशीर हक्क ठरले. म्हणजे सरकारला वाटलं म्हणून सुरू केलेली योजना सरकारला वाटलं म्हणून बंद करता येईना. आदेश पाळले जातात का, हे पाहायला न्यायालयाने आयुक्तही नेमले.

या आदेशाचा सगळ्यांना माहीत असलेला परिणाम म्हणजे शाळेतली खिचडी. १९९५ पासून केंद्राची योजना होती, पण बहुतेक राज्यांत मुलांच्या हाती कच्चं धान्य पडायचं. न्यायालयाने शिजवलेलं जेवण सक्तीचं केलं. ते सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलासाठी होतं. तिथे यादी नव्हती, उत्पन्नाचा दाखला नव्हता आणि इष्टांकही नव्हता.

मग अडलं कुठे?

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने रेशनलाही हक्काचं रूप दिलं. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतं. पण हा हक्क सर्वांना नाही. देशातल्या ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरी भागात ५० टक्के लोकांपर्यंतच तो जातो. २०११ च्या हिशेबाने ही संख्या होते ८१ कोटी ३५ लाख.

टक्केवारी ठरली ती ठरली, लोकसंख्या तरी ताजी हवी. कायद्याचं कलम ९ सांगतं की, लाभार्थ्यांची संख्या आकडेवारी प्रसिद्ध झालेल्या जनगणनेवरून काढायची. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली आणि नंतरही पुढे जात राहिली. हीच टक्केवारी वाढलेल्या लोकसंख्येला लावली तर १० कोटींहून जास्त माणसं बाहेर राहतात, असा अंदाज ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्येच मांडला होता.

मतदार यादीत नाव घालायला गेलेल्या माणसाला ‘कोटा संपला’ असं कुणी सांगत नाही. रेशनच्या बाबतीत ते सांगता येतं, आणि तेही कायदा न मोडता. खरी अडचण हीच आहे. यादीत असलेल्याला धान्य मिळालं नाही तर तो जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, पुढे राज्य अन्न आयोगाकडे. त्याला अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. दाद देण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो (रक्कम किती धाक घालेल, हा वेगळा प्रश्न). पण इष्टांकाबाहेर राहिलेल्या माणसाची तक्रार कुणाविरुद्ध? दुकानदाराने धान्य चोरलेलं नाही, कारकुनाने अर्ज दाबलेला नाही.

न्यायालयाने काय केलं?

टाळेबंदीतल्या स्थलांतरित मजुरांच्या हालअपेष्टांची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. त्या प्रकरणात जून २०२१ मध्ये न्यायालयाने केंद्राला कलम ९ खालची संख्या नव्याने ठरवायला सांगितलं. जनगणनेचे आकडे नाहीत, ही केंद्राची अडचण कायम राहिली. लोकांचं उत्पन्न वाढलं आहे, असाही सरकारचा युक्तिवाद होता. तो अगदीच चुकीचा नाही, पण उत्पन्न वाढलं म्हणून जन्मलेल्या मुलांची गणतीच करायची नाही, असं त्यातून निघत नाही. शिवाय महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये ठरली होती. शहरात महिन्याला पाच हजारही न मिळवणाऱ्या घरांना ‘तुमचं उत्पन्न वाढलं’ असं सांगणं अवघड आहे.

पुढे एप्रिल २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने वेगळा मार्ग धरला. ई-श्रम पोर्टलवर नोंदलेल्या, पण रेशनकार्ड नसलेल्या सुमारे ८ कोटी कामगारांना कार्डं द्या, असे आदेश दिले आणि मुदतही घातली. जनगणना नसेल तर सरकारच्या हाताशी असलेली दुसरी यादी वापरा, असा त्याचा अर्थ. मुदत पाळली गेली नाही म्हणून न्यायालयाला पुन्हा पुन्हा विचारणा करावी लागली.

जनगणनेची अधिसूचना अखेर जून २०२५ मध्ये निघाली. देशाच्या बहुतांश भागासाठी संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. त्यानंतर आकडेवारी प्रसिद्ध होणार, मग राज्यांची संख्या नव्याने काढली जाणार आणि त्यापुढे तहसील पातळीवर इष्टांक वाढणार. २०१३ मध्ये जन्मलेलं आणि तेव्हापासून यादीबाहेर असलेलं मूल तोवर चौदा वर्षांचं होईल. शाळेत जेवणाचा हक्क कायद्याने आहे तो चौदाव्या वर्षापर्यंतच.