उसना नॉस्टॅल्जिया

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं त्यातले निम्मे मित्र आहेत आणि उरलेले नातेवाईक, त्यामुळे शब्द जपून वापरायचा विचार आहे. जमेलच असं नाही.

विल्यम गिब्सनच्या 'न्यूरोमॅन्सर' या कादंबरीवर ॲपल टीव्हीने २०२४ साली मालिका जाहीर केली. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या चाळिशी-पन्नाशीतल्या समस्त कम्प्युटरवाल्यांना त्याच नावाच्या जुन्या गेमचे उमाळे येऊ लागलेत. काय ते दिवस, काय ती चौकटी-चौकटींची सायबरस्पेस, काय ती सुरुवातीची धून (डेव्हो नावाच्या बँडच्या गाण्याची), अहाहा! आणि प्रत्येकाच्या उमाळ्याचा शेवट ठरलेला: 'आपलं बालपण असं होतं.'

आपलं? कोणाचं आपलं?

इंटरप्ले या कंपनीचा हा गेम १९८८ साली कमोडोर ६४ वर आला. १९९० पर्यंत तो ॲपल टू, डॉस, ॲपल टू जीएस आणि अमिगा एवढ्या यंत्रांवर पोचला. या यादीत एक नाव नाही बघा. सिंक्लेअर स्पेक्ट्रमचं. आणि माझ्या पाहण्यात ज्या मोजक्या मराठी घरांत तेव्हा कम्प्युटर होता, तिथे तो स्पेक्ट्रमच होता. पुण्यातली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने तो विकायची. माझ्या आतेभावाकडे होता. ४८ के मेमरी, टीव्हीला जोडायचा, शेजारी कॅसेटचा टेपरेकॉर्डर. 'जे' दाबलं की पडद्यावर आख्खा 'लोड' शब्द उमटायचा, मग दोन अवतरणचिन्हं, मग एंटर, आणि टेपची कर्कश्श किरकिर सुरू. कडेला रंगीत पट्टे धावायचे. पाचेक मिनिटं सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं, कारण आवाजाचं बटण केसभर इकडेतिकडे झालं की शेवटी 'आर टेप लोडिंग एरर'. आत्या स्वयंपाकघरातून विचारायची, "झालं का रे बोंबलून त्याचं?"

हे होतं आपलं बालपण. ज्यांच्या शाळेत केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून (१९८४) बीबीसी मायक्रो आला, त्यांचं बालपण आणखी वेगळं: कुलूपबंद खोली, बाहेर काढून ठेवलेल्या चपला, आणि एका यंत्रासमोर उभी दहा पोरं. कमोडोर ६४ आणि त्याची फ्लॉपी ड्राइव्ह बाळगणारं मराठी घर मला तरी आजवर भेटलेलं नाही. असेल कुठे दादर-पार्ल्यात, अमेरिकेतल्या काकांच्या कृपेने. बाकी आपण सगळे 'न्यूरोमॅन्सर' खेळलो ते २००० नंतर, डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरवर, ऑफिस सुटल्यावर. मीही तसाच, २००४ च्या सुमारास. खेळलो आणि जाम आवडला. पण तेव्हा माझं वय काय 'बालपण' म्हणण्याचं नव्हतं!

आता, उसनी आठवण काढण्यात मला काही गैर वाटत नाही. लंडनचं धुकं न बघताच आपण होम्सच्या लंडनसाठी हळहळतोच की. माझी तक्रार निराळी आहे. उसनं घेताना यांनी नेमके गरे टाकले आणि चारखंड उचलून घरी आणलं.

कारण या गेममध्ये आहे काय? सुरुवात होते तीच मुळी नायक एका बारमध्ये, कृत्रिम स्पगेटीच्या ताटात तोंड खुपसून झोपलेला असताना. जाग येते तर बारवाला त्या ताटाचे पैसे मागतो आणि याच्या खिशात तेवढेही नसतात. याचं डेक, म्हणजे ज्याच्यावर पोट चालतं तो कम्प्युटर, सावकाराच्या दुकानात गहाण पडलेलं. पैसे हवेत? गावात एक 'बॉडी शॉप' आहे, तिथे आपले अवयव विकायचे आणि बदल्यात स्वस्तातले बसवून घ्यायचे. मेलात तर तेच दुकान तुम्हाला जिवंत करतं, आणि त्याचेही पैसे कापून घेतं. बिल चुकवलं तर कोर्ट. खेळातला निम्मा वेळ आपण हॅकिंग करतच नाही, खिशात किती उरले ते मोजत असतो. ज्याला सगळे 'निऑन निऑन' म्हणून उसासे टाकताहेत तो हा गेम मुळात उधारीवर आहे. माणूस कंपन्यांच्या जगात किती स्वस्त होतो, त्यावर आहे.

शिवाय गंमत बघा. त्याच गेममध्ये 'हाउस ऑफ पाँग' नावाचा एक मठ आहे. तिथले भिक्षू 'पाँग' या १९७२ सालच्या व्हिडिओ गेमची पूजा करतात. म्हणजे जुन्या गेमपुढे उदबत्ती लावून बसणाऱ्यांची टिंगल या लोकांनी १९८८ सालीच करून ठेवली होती. आमच्या उमाळेवाल्यांना हा मठ आठवत कसा नाही कोण जाणे.

असो. आता खऱ्या भांडणाकडे येतो, आणि ते अंजनवेलचं आहे.

परवा गावी गेलो होतो. पुतण्या सोबत. पोरगा हुशार, सायबरपंक म्हटलं की डोळे चमकतात. दीपगृहापाशी उभा राहून मला म्हणाला, "काका, असलं काही आपल्याकडे होणं शक्यच नाही. ते सगळं टोकियो नाहीतर हाँगकाँगला." आणि हे बोलताना त्याच्या पाठीमागे वीजप्रकल्पाच्या चिमण्या उभ्या!

त्याची चूक नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही. आम्ही त्याला कमोडोरच्या गोष्टी सांगत बसलो.

तर बाबा रे, ऐक. सरकारपेक्षा मोठी परदेशी कंपनी, जिचे करार सामान्यांना वाचायला मिळत नाहीत, जिच्या दारात राज्याचे पोलीस उभे असतात: हे सगळं कादंबरीत नव्हे, वाशिष्ठीच्या मुखाशी झालं. २० जून १९९२ ला अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीचा महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार. कंपनीचं नाव दाभोळ पॉवर. दाभोळ खाडीपलीकडे, आणि जमीन गेली अलीकडच्या अंजनवेल, वेलदूर, रानवीची! नावसुद्धा आमचं नाही घेतलं लेकांनी. करारात अट अशी की मंडळाने वीज उचलो वा न उचलो, क्षमतेचे पैसे मोजायचेच, आणि हिशोब डॉलरशी बांधलेला. मंडळाने दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी, आणि पहिल्या टप्प्यासाठी त्यावर केंद्राची प्रतिहमी. सुरुवातीला हा करार गोपनीय होता. १९९५ साली कंपनीच्याच एका अधिकारी बाईंनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं की भारतीयांच्या 'शिक्षणावर' आणि प्रकल्पाच्या जुळवाजुळवीवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले. ही लाच नव्हे, असं कंपनी म्हणत राहिली. मला विचाराल तर 'शिक्षण' हा शब्द इतका गार रक्ताने वापरलेला गिब्सनच्या कादंबरीतही सापडणार नाही.

गेममध्ये कंपनीच्या माहितीभोवती 'आइस' नावाचं संरक्षण असतं. शहाणा हॅकर ते फोडतो, आत शिरतो, बास. स्पेक्ट्रमवर जो खरोखर चालायचा तो ॲक्टिव्हिजनचा 'हॅकर' (१९८५), त्यातही हाच मामला. मॅग्मा नावाची कंपनी जग ताब्यात घ्यायला निघालेली, आणि तुम्ही घरबसल्या तिच्या कागदाचे तुकडे गोळा करून एफबीआयला द्यायचे. आम्हाला तो खेळताना केवढा अभिमान वाटायचा! अंजनवेलला ते 'आइस' म्हणजे करारातली कलमं होती. मोडेम लावून फुटणारी नव्हती. मोडेम होताच कोणाकडे? गावात फोन असलेली घरं बोटावर मोजायची, आणि सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही मोठ्या शहरांत.

फोडायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. मोर्चे निघाले, कोर्टकज्जे झाले. १९९५ च्या निवडणुकीत प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायच्या घोषणा झाल्या. ३ ऑगस्ट १९९५ ला युती सरकारने तो रद्दही केला. आणि काही महिन्यांत त्याच सरकारने वाटाघाटी करून तो परत आणला, आधीच्यापेक्षा मोठा करून! आधी २०१५ मेगावॉट होता, आता २१८४. माझा एक मामा तेव्हापासून कोणत्याही पक्षाच्या सभेला गेलेला नाही.

आणि ३ जून १९९७. वेलदूर. ह्यूमन राइट्स वॉचच्या जानेवारी १९९९ च्या अहवालात हे सविस्तर आहे. पुरुष मासेमारीला गेलेले असताना पहाटे पोलीस कोळी वस्तीतल्या घरांत शिरले. आंदोलनात पुढे असलेल्या बायकांना घराबाहेर ओढून मारलं, धरून नेलं. प्रकल्पावरच्या राज्य राखीव पोलिसांच्या बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत होती, हेही त्याच अहवालात आहे. सायबरपंकमध्ये कंपनीचे शिपाई काळ्या काचेचे चष्मे घालून येतात. इथे ते लाठी घेऊन आले आणि समोर रात्रीच्या लुगड्यातली बाई होती. यात निऑन कुठेच नव्हतं.

कंपनी शेवटी बुडाली, पण कोणी पोराने हॅक करून नाही. पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. तो नाफ्त्यावर चालायचा आणि वीज इतकी महाग पडायला लागली की मंडळाला परवडेना. २००१ साली माधव गोडबोले समितीने या व्यवहाराची चिरफाड केली, त्याच वर्षी प्रकल्प बंद पडला, आणि २ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत एन्रॉनने दिवाळं काढलं. तिचं आइस तिच्याच हिशोबनिसांनी आतून वितळवलं म्हणायचं. त्यानंतर २००६ पर्यंत ते धूड तसंच उभं होतं आणि राज्यभर भारनियमन चालू. समोर एवढा वीजप्रकल्प आणि पडवीत कंदील!

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेलच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी झाली. पुढे गॅस मिळेना म्हणून २०१३ ला परत बंद, मग २०१५ पासून काही वर्षं रेल्वेला वीज. शेजारी एलएनजीची जहाजं येतात. गावात मात्र अजून सगळे 'एन्रॉन'च म्हणतात.

इथे एक कबूल करायला हवं की गावातही उमाळे आहेत. कंपनी बांधली जात होती तेव्हा खोल्या चढ्या भाड्याने जायच्या, ट्रकवाल्यांना काम होतं, पोरांच्या हातात रोकडा होता. नाक्यावर चहा पिताना 'एन्रॉनचे दिवस' म्हणून डोळे बारीक करणारे मी पाहिलेत. पण मला हे उमाळे कमोडोरवाल्यांपेक्षा जास्त खरे वाटतात. निदान हे लोक तिथे होते. आणि त्यांना सोबतच हेही आठवतं की कोणाचं कलमांचं आवाट गेलं आणि कोणाची बायको चौकीत बसली होती.

"अरे, गेम म्हणजे गेम, त्यात एवढं काय शोधायचं?" असं पुण्याहून फोन करून सांगितलं गेलंय. दादा, तुम्हीच म्हणता ना की तो काळाच्या पुढे होता, भविष्य सांगणारा होता? मग त्याने सांगितलेलं आपल्या दारात घडलं तेव्हा तुम्ही सुट्टीत इथे येऊन आंबे खाऊन गेलात, आणि आज त्याच्या पडद्यावरच्या रंगांची आठवण काढता. गिब्सनने ती कादंबरी साध्या टाइपरायटरवर लिहिली होती. कम्प्युटरचं त्याला फारसं ठाऊक नव्हतं. कंपन्या काय करतात ते मात्र नीट ठाऊक होतं.

पुतण्याला मी गेम डाउनलोड करून दिलाय. मूळ खोक्यात कोडचं एक चक्र यायचं, ते फिरवून आकडा घातल्याशिवाय पुढे जाता येत नसे, त्याचंही चित्र शोधून दिलं. सध्या तो स्पगेटीच्या बिलापाशी अडकलाय. त्यानंतर त्याला अहवाल वाचायला देणार आहे.

आत्या, तुमच्या ट्रंकेत १९९४ ते २००१ ची वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत हे मला माहीत आहे. गणपतीला येताना आणा, स्कॅन करून घेतो, वाळवीला द्यायला नकोत. आणि दादा, त्या डीबी स्पेक्ट्रमच्या कॅसेटी माळ्यावर असतील तर त्याही भंगारात घालू नकोस. तू आणि मी मिळून आंब्याच्या पेट्यांच्या हिशोबाचा जो प्रोग्राम लिहिला होता तो त्यातल्याच एकीवर आहे, बहुतेक निळ्या लेबलवाल्या. टेपरेकॉर्डर माझ्याकडे आहे, चालू स्थितीत.