भेगाळलेली टाच म्हणजे तप नव्हे



थंडी सुरू झाली की मंदिरात पूजेला बसलेल्या बायकांच्या टाचा बघा. किती जणींच्या फुटलेल्या असतात! काही बोलायला जावं तर उत्तर ठरलेलं, "अहो, आपण अनवाणी चालणारी माणसं. देहाचे एवढे लाड कशाला?"

मला हे पटत नाही. तप आपण नियम घेऊन, ठरवून करतो. टाच फुटते ती दुर्लक्षाने. त्याला तपाचं नाव कशाला द्यायचं?

ओट्यापाशी कडक फरशीवर तासन्‌तास उभं राहिलं की टाचेखालची गादी दाबून बाजूला पसरते. कातडी कोरडी असेल तर ती ताणून चिरते. वजन आणि मागून उघड्या चपला त्यात भर घालतात. घट्टाही दाबानेच येतो. तो ब्लेडने कापू नका. दाब तसाच राहिला तर परत येणारच, शिवाय जखम होते ती वेगळीच.

दहा मिनिटं कोमट पाणी, हलक्या हाताने वज्री आणि पाय ओलसर असतानाच स्निग्ध काहीतरी लावून रात्री सुती मोजे. रोज केलं तरच गुण येतो.

आता लावायचं काय? इथे आपण गडबड करतो. मध खात नाही, बिस्किटाचा पुडा उलटसुलट करून वाचतो आणि मेणाचं मलम टाचेत भरतो. बऱ्याच क्रीममध्ये लॅनोलिन असतं, ते मेंढीच्या लोकरीचं तेल. आपल्या कोकणातलं कोकमतेल असताना हे हवंच कशाला? बियांचं तेल, थंडीत घट्ट गोळा असतो. जरा गरम करून भेगेत भरायचं. भेगा जास्त असतील तर केमिस्टकडे युरियाचं क्रीम मिळतं. नावाने दचकू नका, हा युरिया कारखान्यात बनतो. बाकीचे घटक मात्र वाचून घ्या.

साखर असलेल्या बहिणींना कळकळीने सांगते. पाय बधिर झाले असतील तर भेग दुखत नाही, म्हणून जंतू शिरलेले कळतही नाहीत. रोज आरसा धरून तळवे बघा. कुरूप घालवायच्या आम्लाच्या पट्ट्या आपण होऊन लावू नका. रक्त, पू किंवा सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिखरजीची वंदना 27 किलोमीटरची. तिथे डोली मिळते, आणि डोलीतल्या वंदनेला कमी लेखणाऱ्यांचं ऐकायची काही गरज नाही.

माताजींचं अनवाणी चालणं हे व्रत आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पायांच्या वैयावृत्त्याला आपण धावतो ते योग्यच. पण घरी सासूबाईंना वाकून स्वतःच्या टाचेपर्यंत हात नेता येत नाही. त्यांच्या टाचा शेवटच्या कधी बघितल्या होत्या?