मूळचें ‘सौभद्र’ आणि गाळलेल्या साक्या

बिझे या फ्रेंच संगीतकाराचें ‘कारमेन’ हें संगीत नाटक ३ मार्च १८७५ रोजीं पॅरिसच्या ओपेरा-कॉमिक या संस्थेनें रंगभूमीवर आणलें. त्यांत पदांच्या मधून पात्रें साधें गद्य बोलत. तीनच महिन्यांनीं बिझे वारला. मग त्याचा मित्र गिरो यानें त्या गद्याच्या जागीं गाऊन म्हणावयाचे संवाद घातले, व पुढें तेच जगभर रूढ झाले. २००९ सालीं गार्डिनर यांनीं त्याच संस्थेच्या रंगभूमीवर मूळचें गद्य परत आणून, जुन्या घडणीच्या वाद्यांवर तें नाटक केलें.

आमच्या ‘सौभद्रा’चें मूळ रूप असें कोणी करील काय? अण्णासाहेब किर्लोस्करांनीं त्याचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं पुण्यांत केले. साथीस सारंगी आणि तबला. नाटकांत पदें शंभरावर. पण त्यांत साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीतें पुष्कळ. पात्रानें चार ओळी म्हणाव्या, कथा पुढें सरकावी, कीं झालें! पुढें गंधर्वकाळीं ऑर्गन आला, एकेक पद अर्धा अर्धा घटका रंगूं लागलें आणि वेळेची भर काढण्यासाठीं कात्री चालली ती या गरीब साक्यांवर. रसिकांस त्याचें दुःख झालें नाहीं, हें खरें. बालगंधर्वांचें गाणें सोडून साकी कोण मागणार? तथापि नाटकाचा सांधा तेथेंच होता.

ऑर्गनचे स्वर पट्टीपट्टीवर बांधलेले. सारंगी गळ्यामागून मींड घेत येते, म्हणून चार ओळींची दिंडी तिच्या साथीनें बोलल्यासारखी वाटते.

यंदा आमच्या आंजीच्या तरुण मंडळींनीं गणेशोत्सवांत ‘सौभद्र’ करण्याचें मनांत घेतलें आहे. त्यांची प्रत मीं पाहिली. सहा पदें ठेवून बाकी सर्व पेन्सिलीनें खोडलेलें! छापील पुस्तकांत स्वरलिपि नसते. पदावर नुसतें ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याचें नांव असतें. तें गाणें येणारें माणूस गेलें, कीं तें नांव मुकें झालें.

मंडळींस माझें सांगणें एवढेंच: सारंगिया न मिळाल्यास पेटी हळू वाजवा, पदें दोन कमी करा, परंतु निदान पहिल्या अंकांतील साक्या-दिंड्या राहूं द्या. ज्यांच्या घरीं कीर्तनाची परंपरा आहे, त्यांच्या आजीस बसवून चाली म्हणवून घ्या आणि यंत्रांत भरून ठेवा. हें काम गणपतीपूर्वींच झालें पाहिजे.