वसतिगृह रिकामे करणे म्हणजे तयारी नव्हे

साथ आली की विद्यापीठांचे पहिले परिपत्रक बहुधा ठरलेले असते : वर्ग बंद, वसतिगृह रिकामे करा, घरी जा. आजरा तालुक्यातून कोल्हापूर, पुणे, मुंबईला शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींसाठी एवढा आदेश पुरेसा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रवास कसा करायचा, कुणी करू नये आणि घरी पोहोचल्यावर काय काळजी घ्यायची, हे सांगितल्याशिवाय कुणालाही गाडीत बसवणे धोक्याचे आहे.

२०२० साल आठवा. ३० जानेवारीला देशातील पहिला कोरोना रुग्ण नोंदला गेला. ती वुहानहून केरळात परतलेली वैद्यकीय विद्यार्थिनी होती. त्यानंतर वुहानहून विमानाने आणलेल्या विद्यार्थ्यांना थेट घरी सोडले नाही. दिल्ली आणि मानेसर येथील केंद्रांत त्यांना विलगीकरणात ठेवले, तपासले आणि मगच घरी पाठवले. म्हणजे योग्य पद्धत माहीत होती. पण ९ मार्चला पुण्यात रुग्ण सापडले, पाठोपाठ शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि मुले मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून टाळेबंदी लागली आणि मागे राहिलेली मुले अडकली. राजस्थानात कोटा येथे अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारने धुळ्याहून एसटी गाड्या पाठवल्या, तेव्हा एप्रिल संपत आला होता.

‘घरी वेगळ्या खोलीत राहा’ हा सल्ला चांगला आहे. पण आपल्या वस्तीत किती घरांत वेगळी खोली आहे? दोन खोल्यांत आजी-आजोबा, आई-वडील, भावंडे राहतात. शहरातून आलेला तरुण मुलगा स्वतः ठणठणीत असतो, पण दमा किंवा मधुमेह असलेल्या आजीला त्याच्याकडून लागण होऊ शकते. शिवाय बाहेरून आलेल्याकडे गाव संशयाने पाहते आणि तो संशय आपल्या वस्तीकडे जरा लवकरच वळतो.

म्हणून विद्यापीठे, महाविद्यालये आणि समाजकल्याण विभागाकडे आमच्या मागण्या आहेत. ज्यांना घरी जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी वसतिगृह आणि खानावळ सुरू ठेवावी. आजारी विद्यार्थ्याला घरी न पाठवता तेथेच वेगळी खोली आणि उपचार द्यावेत. इतरांची तपासणी करून त्यांना टप्प्याटप्प्याने, एसटीशी बोलून सोडावे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आधी कळवावे. साथीच्या काळात शिष्यवृत्ती आणि स्वाधारची रक्कम अडकू देऊ नये.

मार्गदर्शन मराठीत आणि आजारानुसार हवे. प्रत्येक साथ सारखी नसते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता. तो आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. तेथे पाणी उकळून पिणे महत्त्वाचे होते. गावी आलेल्या मुलाला दूर ठेवण्याचे कारण नव्हते. कोरोना किंवा फ्लू मात्र श्वासातून पसरतो. तेथे ताप-खोकला असताना प्रवास टाळणे, गाडीत मास्क लावणे आणि खिडकी उघडी ठेवणे गरजेचे.

आपलीही जबाबदारी आहे. गावातील विहार किंवा समाजमंदिर गरज पडल्यास परतणाऱ्या मुलांना राहण्यासाठी देता येईल का, तेथे पाणी, शौचालय आणि जेवणाची सोय कोण पाहील, हे आजच ठरवावे. परतलेल्यांनी आशाताईंना स्वतःहून कळवावे. आजार लपवू नये, आजारी माणसाला टाकू नये.

१८९७ च्या प्लेगमध्ये सरकारने साथरोग कायदा केला. त्याच साली सावित्रीमाईंनी प्लेगच्या रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्चला त्यांचे निधन झाले. तोच कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. कायद्याने वसतिगृहाला कुलूप लावता येते. पण त्या मुलाला आजऱ्यापर्यंत सुखरूप पोहोचवायचे तर त्याची काळजी घेणारी माणसे आणि आधी केलेली तयारी लागते. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना प्रत्येक पालकाने प्रवेश अर्जासोबत एक प्रश्न लेखी विचारावा : साथ आली तर आमच्या मुलांसाठी तुमची योजना काय? उत्तरही लेखीच मागावे.