बसणारा चालक, चढणारा वाहक

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने दगावणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढू लागली होती. त्याचे नेमके कारण कोणालाच सांगता येत नव्हते. या विकाराचा माणसाच्या कामाच्या स्वरूपाशी काही संबंध असेल का, असा विचार करून डॉ. जेरी मॉरिस यांनी सहकाऱ्यांसह लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची पाहणी हाती घेतली.

या गाडीवर दोन कर्मचारी असत. चालक संपूर्ण पाळीभर आसनावर बसून असे. वाहक तिकिटे देण्यासाठी सतत वरखाली करी. दिवसाकाठी सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या तो चढत असे. दोघेही साधारणपणे एकाच सामाजिक स्तरातील आणि एकाच सेवेतील. फरक होता तो मुख्यत्वे बसण्याचा आणि चढण्याचा. मुंबईतही १९३७ पासून दुमजली बस धावत असल्याने हे दृश्य मराठी वाचकाला अपरिचित नाही.

१९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालकांच्या तुलनेत वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. जो आढळला तो उशिराच्या वयात आणि कमी तीव्रतेचा होता. टपाल खात्यातही पायी अथवा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसून काम करणारे कर्मचारी यांच्यात तसाच फरक दिसला.

या निष्कर्षावर शंका घेता येण्याजोगी होती. मुळात स्थूल माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील तर? मॉरिस यांनी ही शंका झटकून टाकली नाही. कर्मचाऱ्यांना दिलेल्या गणवेशाच्या नोंदी काढून त्यांनी विजारींच्या कंबरेची मापे तपासली. चालकांच्या कंबरेचा घेर नोकरीच्या आरंभीच्या काळातही अधिक असल्याचे आढळले आणि तेही त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येत नव्हते. तथापि शारीरिक हालचाल आणि हृदयाचे आरोग्य यांचा संबंध पुढील अनेक दशकांच्या संशोधनाने दृढच केला.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की वाहक व्यायामशाळेत जाऊन आरोग्य कमावत नव्हता. तो आपले काम करत होता, आणि त्या कामातच त्याची हालचाल सामावलेली होती.

अशा साध्या हालचालीने शरीरात काय घडते? चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो. म्हणूनच जेवणानंतरची शतपावली मधुमेही व्यक्तीलाही उपकारक ठरते. हाडांवर भार पडल्याने त्यांचा कस टिकतो. पायांतील बळ आणि तोल राखला गेला, तर उतारवयात पडण्याचा धोका घटतो. वृद्धापकाळी मांडीचे हाड मोडल्याने अंथरुणाला खिळलेली व्यक्ती ज्या घराने पाहिली आहे, त्या घराला याचे मोल सांगावे लागत नाही.

आणि नेमके येथेच आपल्या कुटुंबांत मायेपोटी एक चूक घडते. निवृत्त वडील पिशवी घेऊन भाजीला निघाले की मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही बसा, घरपोच मागवतो.” सासूबाईंनी कपडे वाळत घालायला घेतले की सून बादली काढून घेते. शेजारी कौतुक करतात. हेतू शुद्ध असतो, भावना आदराची असते; परंतु वर्षभरात त्याच वडिलांना जिना चढवेनासा होतो आणि सासूबाईंना जमिनीवरून उठताना आधार लागतो. वापरात नसलेला स्नायू क्षीण होतो, मग तो प्रेमाने विसावलेला असो वा आळसाने.

हालचाल किती हवी, याविषयीही अनेकांच्या मनात उगाच धास्ती असते. दहा हजार पावलांचा आकडा जणू शास्त्रवचन मानला जातो. प्रत्यक्षात तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या उपकरणाच्या नावातून रूढ झाला. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले. सुमारे ७,५०० पावलांपुढे हा लाभ फारसा वाढताना दिसला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवली. ती सलग दहा मिनिटे तरी हवी, ही पूर्वीची अट आता उरलेली नाही. आवर्ती ठेवीत दरमहा थोडी रक्कम पडावी, तशी चार-पाच मिनिटांची भरही हिशेबात धरली जाते. मध्यम हालचालीची ओळख सोपी आहे: बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. ज्यांना चालताना छातीत दुखते, धाप लागते वा चक्कर येते, त्यांनी मात्र प्रथम डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

डॉ. मॉरिस २००९ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तले. एका व्यक्तीचे दीर्घायुष्य हा काही पुरावा नव्हे, हे त्यांनीच प्रथम सांगितले असते. परंतु लंडनच्या त्या जिन्यावरील वाहकाचा धडा प्रत्येक घराला उपयोगी आहे. वडीलधाऱ्यांचे श्रम हलके जरूर करावेत. जड पिंप, उंच फळी, ओली फरशी यांपासून त्यांना जपावे. पण देवघरातील फुले आणणे, झाडांना पाणी घालणे, नातवाला शाळेपर्यंत पोहोचवणे ही त्यांची कामे त्यांच्याकडेच राहू द्यावीत. बाबा पिशवी घेऊन निघाले, तर मुलाने ती काढून न घेता चप्पल घालून त्यांच्यासोबत निघावे. टेबलाशी बसून दिवस काढणाऱ्या मुलालाही त्या फेरीची तितकीच गरज आहे.