घरोघरचें आरोग्य : मोडलेलें हाड आणि ‘ड’ जीवनसत्त्व

घरांतील वडील माणसाचें हाड मोडलें म्हणजे त्या घरीं दोन प्रकारची धांवपळ सुरू होते. पहिली रुग्णालयाची, ती बहुधा चार-आठ दिवसांत आटोपते. दुसरी सल्ल्यांची, ती मात्र महिनोगणती चालते. कोणी डिंकाचे लाडू धाडतो, कोणी नाचणीची आंबील सुचवितो, कोणी कोवळें ऊन घ्यावयास सांगतो, आणि हल्लीं बहुतेक प्रत्येक जण ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुडीचें नांव काढतो. ही पुडी घेतल्यानें हाड लौकर जुळतें काय, आणि ती किती दिवस घ्यावी, असा प्रश्न वाचकांकडून आम्हांस वारंवार येतो. आम्ही वैद्य नव्हों, शाळामास्तर आहों. तथापि प्रसिद्ध झालेलें संशोधन वाचून तें सोप्या भाषेंत मांडणें हें आमच्या आटोक्यांतील काम आहे. निर्णय मात्र ज्याचा त्यानें आपल्या डॉक्टरांस विचारूनच करावा.

ह्या जीवनसत्त्वाचा शोध मुडदूस झालेल्या मुलांमुळें लागला. युरोपांतील धुरानें काळवंडलेल्या शहरांत मुलांचीं हाडें मऊ पडून पाय वांकडे होत असत. १९१९ सालीं इंग्लंडांत एडवर्ड मेलन्बी यांनीं कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून दाखविलें कीं, हा रोग आहारानें उत्पन्न करतां येतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलानें टाळतां येतो. त्याच वर्षीं बर्लिनमध्यें कुर्ट हुल्डशिन्स्की यांनीं अतिनील किरणांच्या दिव्याखालीं ठेवून अशीं मुलें बरीं केलीं. १९२२ सालीं अमेरिकेंत एल्मर मॅकॉलम यांनीं तेलांतील ह्या द्रव्यास ‘ड’ हें नांव दिलें. तेल आणि प्रकाश हे दोन भिन्न उपाय एकच कार्य कसें करतात ह्या कोड्याचा उलगडा पुढें असा झाला कीं, ऊन लागलें असतां हेंच द्रव्य आपल्या कातडींत तयार होतें. मग यकृत व मूत्रपिंड त्यावर संस्कार करतात आणि तें कामास येतें.

त्याचें मुख्य काम म्हणजे अन्नांतील कॅल्शियम आंतड्यांतून रक्तांत घेणें. तें कमी पडलें कीं रक्तांतील कॅल्शियम घसरूं लागतें, आणि मानेंतील चार लहान ग्रंथि हाडांतून तें काढून रक्ताची भरपाई करतात. मिळकत थांबली म्हणजे गृहस्थ जसा ठेव मोडून घरखर्च चालवितो, तसाच हा प्रकार होय. घर चालतें खरें, परंतु ठेव आटत जाते. मोडलेलें हाड जुळतांना प्रथम मऊ सांधा धरतो व नंतर त्यांत कॅल्शियम भरून तो कठीण होतो. सबब ज्याच्या शरीरांत ‘ड’ची खरी उणीव आहे, त्याची ती उणीव भरून काढणें अवश्यच आहे. परंतु ज्याच्याजवळ तें पुरेसें आहे, त्यास आणखी दिल्यानें हाड अधिक लौकर जुळतें, असें सिद्ध झालेलें नाहीं.

पुन्हां हाड मोडूं नये म्हणून ह्याचा उपयोग किती, ह्याची परीक्षा मात्र मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. १९९२ सालीं फ्रान्समधील वृद्धाश्रमांतून राहणाऱ्या ३,२७० स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांस रोज ८०० एकक ‘ड’ व १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलें. दीड वर्षांत त्या गटांत खुब्याचें हाड मोडण्याचें प्रमाण ४३ टक्क्यांनीं कमी आढळलें. ह्या स्त्रिया अतिवृद्ध, घरांत कोंडलेल्या व ‘ड’च्या उणिवेच्या होत्या, हें ध्यानांत ठेवावें. उलट २००५ सालीं ब्रिटनमध्यें सत्तरीच्या वरच्या, व पूर्वीं एकदां हाड मोडलेल्या, ५,२९२ लोकांवरील प्रयोगांत रोज ८०० एकक दिल्यानें दुसऱ्यांदा हाड मोडणें कमी झालें नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंतील २५,८७१ लोकांच्या प्रयोगांत रोज २,००० एकक सुमारें पांच वर्षें घेऊनहि फरक दिसला नाहीं. हे लोक उणीव पाहून निवडलेले नव्हते. तात्पर्य, उणिवेच्या माणसास ‘ड’ तारतें. भरल्या घरीं आणखी धान्य ओतल्यानें कोणी पुष्ट होत नाहीं.

आतां मात्रेचा विचार. आपल्याकडील आहारविषयक शिफारशींत २०२० सालीं प्रौढास रोज ६०० एकक सांगितलें आहे. अमेरिकेंतील शास्त्रज्ञांच्या समितीनें २०१० सालीं सत्तरीच्या पुढें ८०० एकक सांगितलें, आणि स्वतःच्या मतानें घ्यावयाची रोजची कमाल मर्यादा ४,००० ठरविली. आपल्याकडे प्रचारांत असलेली पुडी ६०,००० एककांची असते. उणीव असल्यास डॉक्टर ती आठवड्यास एक, अशी बहुधा आठ आठवडे देतात, आणि ती योजना योग्यच आहे. परंतु आठ आठवडे संपल्यावरहि घरांतील कोणी ती तशीच चालू ठेवली तर काय होतें, ह्याचा हिशेब आमच्या शाळेंतील चौथीच्या मुलानेंहि केला असता. वर्षाचे ५२ आठवडे धरल्यास ३१,२०,००० एकक होतात. रोजच्या ८०० प्रमाणें वर्षाचे होतात अवघे २,९२,०००. म्हणजे दसपटीहून अधिक! हें द्रव्य चरबींत सांठतें, पाण्याबरोबर वाहून जात नाहीं. अतिरेक झाल्यास रक्तांतील कॅल्शियम वाढून तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, भ्रम व मूत्रपिंडास इजा इतक्या गोष्टी संभवतात; आणि वृद्ध माणसाच्या बाबतींत घरचीं मंडळी त्यास ‘वयाचें दुखणें’ समजून स्वस्थ बसतात.

‘एकदांच मोठी मात्रा घेऊन मोकळें व्हावें’ ही युक्तिहि फसवी आहे. ऑस्ट्रेलियांत सत्तरीच्या वरच्या २,२५६ स्त्रियांवर असा प्रयोग झाला व २०१० सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांस वर्षांतून एकदां पांच लक्ष एकक दिलें. त्या स्त्रिया कमी पडण्याऐवजीं १५ टक्के अधिक वेळां पडल्या आणि त्यांचीं हाडें २६ टक्के अधिक मोडलीं. आपल्याकडे सहा लक्ष एककांची सुई टोंचून घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं ही गोष्ट डॉक्टरांपुढें अवश्य काढावी. थोडें, रोज अगर आठवड्यास, आणि स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणानंतर, हाच बरा मार्ग दिसतो.

उन्हाविषयीं दोन शब्द. आयुर्वेद जाणणारे कोणी म्हणतील कीं, सुश्रुतानें भग्नरोग्यास आतप वर्ज्य सांगितला आहे, मग ऊन कसें द्यावें? तें खरें आहे. त्याच ठिकाणीं दूध व तूप पथ्य म्हणून सांगितलें आहे. परंतु सुश्रुताचा रोगी हाड मोडेपर्यंत शेतांत, वाटेवर व अंगणांत जन्म काढलेला असे. आमच्या घरचीं वडीलधारीं सदनिकेच्या चार भिंतींत वर्षें काढतात. आजारांत उन्हाचा ताप टाळावा हें योग्यच, पण बरें वाटूं लागल्यावर प्रकाश टाळूं नये. सकाळचें कोवळें ऊन सुखकर असलें तरी ह्या कामास फारसें उपयोगी नाहीं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षां आंखूड पडते, तेव्हांच कातडींत ‘ड’ चांगलें बनतें. महाराष्ट्रांत मार्गशीर्ष-पौषांतहि ऐन दुपारीं अशी सावली पडते. खिडकीच्या काचेंतून आलेलें ऊन मात्र ह्या बाबतींत निरुपयोगी होय, आणि वैशाखांतल्या दुपारीं वृद्धांस बाहेर बसविणें हें साहसच.

शाकाहारी घरांत अन्नांतून ‘ड’ मिळण्याची आशा थोडी. तें मासे, अंडीं ह्यांत असतें, साध्या दुधांत अल्प. कॅल्शियम मात्र आपल्या ताटांत आहे. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम, तितक्याच गाईच्या दुधांत सुमारें १२०. म्हणून आंबील व दूध सोडूं नये. डिंकाचे लाडू रुचीसाठीं खुशाल खावे, त्यांवर ‘ड’चा भार टाकूं नये. सोंवळ्याच्या दृष्टीनें विचारणारांस हेंहि सांगून ठेवतों कीं, बाजारांतील बहुतेक ‘ड-३’ मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून बनतें. तें नको असल्यास दगडफुलासारख्या वनस्पतीपासून केलेलें मिळतें.

इतकें सांगूनहि मुख्य गोष्ट राहिलीच. पन्नाशीनंतर उभ्याचें पडून खुबा किंवा मणका मोडला, तर तो केवळ अपघात नव्हे. हाडें ठिसूळ झाल्याची ती खूण होय. अशा माणसास ‘ड’ व कॅल्शियम देऊन थांबणें म्हणजे पाया भरून भिंत न बांधणें. त्या ठिसूळपणावर स्वतंत्र औषधें आहेत. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या २,१२७ लोकांवरील प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांस शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आंत झोलेड्रॉनिक आम्लाची, वर्षांतून एकदां शिरेंतून द्यावयाची मात्रा दिली गेली. औषध न मिळालेल्यांत शेंकडा सुमारें १४ जणांचें हाड पुन्हां मोडलें, औषध मिळालेल्यांत सुमारें ९ जणांचें. मृत्यूहि शेंकडा १३ वरून १० वर आले. त्या प्रयोगांत सर्वांस ‘ड’ व कॅल्शियम दिलेलेंच होतें, कारण उणीव तशीच ठेवून हें औषध दिल्यास रक्तांतील कॅल्शियम धोकादायक रीतीनें उतरूं शकतें. पाया आणि भिंत ह्यांचा संबंध येथें स्पष्ट दिसतो.

तेव्हां घरांतील कर्त्या माणसानें, मग तो मुलगा असो कीं सून, एक वही घालावी. ‘ड’ची कोणती मात्रा कोणत्या तारखेस दिली, कोणी सांगितली व केव्हां थांबवावयाची, हें तींत लिहावें, कारण एकत्र कुटुंबांत काकूंनीं एक पुडी दिलेली असते व दादांनीं दुसरी. डॉक्टरांस तीन प्रश्न विचारावे : रक्तांतील ‘ड’, कॅल्शियम व मूत्रपिंडाची तपासणी झाली काय? पुडी कोणत्या दिवशीं बंद करावयाची? आणि हाडांच्या ठिसूळपणावर औषध केव्हां सुरू करावयाचें? तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं, आणि म्हणूनच पुष्कळ घरांत दुसरा खुबा मोडतो. न्हाणीघरांत धरावयास दांडी बसविणें व रात्रीं मंद दिवा ठेवणें, ह्यांस तर डॉक्टरांची परवानगीहि लागत नाहीं. इत्यलम्.