निवडणूक मतांची व्हावी, कागदांची नव्हे



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांवर लिहावे, निवडणुकीवर कशाला लिहावे, असे काही सभासदांना वाटेल. त्यांचे म्हणणे रास्त आहे. कारखान्याचा नोकर या नात्याने कोणाला निवडून द्यावे याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. परंतु सानगडी गटात नोंदीच्या व तोडीच्या निमित्ताने धुऱ्याधुऱ्याने फिरताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. गावातला शब्दाला जागणारा कास्तकार निवडणुकीला उभा राहतो आणि मतदानाच्या आधीच, छाननीच्या दिवशी, मान खाली घालून घरी परततो. लोकांनी त्याला नाकारलेले नसते. घरटॅक्सची एक पावती नसल्याने त्याचा अर्ज उडालेला असतो.

आपला कास्तकार उसाची लागण करताना वर्ष-दीड वर्षाचा हिशेब मांडतो. जमीन कधी नांगरायची, बेणे कोणाच्या मळ्यातून आणायचे, नोंद कधी करायची, तोड कधी येईल, हे सारे त्याच्या डोक्यात असते. तोच माणूस उमेदवारीचा विचार मात्र अर्ज भरण्याच्या शेवटल्या दोन दिवसांत करतो. मग साकोलीला झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग, ग्रामसेवकाचा (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) शोध, आणि दुपारचे तीन वाजले की सारे संपले. अशाने कसे चालेल?

ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा आहे. त्यात पात्रतेची बाजू सोपी आहे : वय २१ वर्षे पूर्ण आणि मतदार यादीत नाव. (विधानसभेला मात्र २५ वर्षे लागतात.) सरपंच वा सदस्य होऊ पाहणाऱ्याचा जन्म १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतरचा असेल, तर सातवी उत्तीर्ण असल्याचा दाखलाही हवा. खरी मेख आहे ती कलम १४ मध्ये, म्हणजे अपात्रतेच्या यादीत. तेथे आपली माणसे कोठे अडतात ते क्रमाने पाहू.

पहिली अडचण कराची. ग्रामपंचायतीचा कर किंवा फी, रीतसर बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही, तर माणूस अपात्र ठरतो. उमेदवारी अर्जाच्या ठरलेल्या दिवसापूर्वी रक्कम भरली असेल तर सुटका आहे. पण एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. एकत्र कुटुंबातील एकाने कर थकवला, तर तो दोष कुटुंबातील सर्वांना लागतो. आमच्या भागातील एका गावी बचत गट नेटाने चालवणाऱ्या एका भगिनीचा अर्ज याच कारणाने उडाला. घर सासऱ्यांच्या नावे, दोन वर्षांचा घरटॅक्स बाकी, आणि तिला त्याची गंधवार्ता नाही. रक्कम इतकी किरकोळ होती, की एका उसाच्या गाडीच्या वाहतुकीलाही पुरली नसती.

दुसरी अडचण अतिक्रमणाची. सरकारी जागेवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण असेल तर उमेदवार अपात्र. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की अतिक्रमण मूळ कोणी केले एवढाच प्रश्न नाही. कुटुंबातील जो त्या जागेचा वापर चालू ठेवतो तोही अपात्र ठरू शकतो. गावठाणाला लागून गोठा वाढवलेला असो की तलावाच्या पाळीजवळची जागा धरलेली असो, आधी मोजणी करून घ्या. याच बाबतीत दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचांना अतिक्रमणाच्या आरोपावरून पदावरून काढले गेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पद राखले आणि निवडून आलेल्या बाईला असे सहजासहजी हटवता येणार नाही, असे खडसावले.

तिसरी बाब अपत्यांची. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे अपत्यांची संख्या दोनापेक्षा जास्त झाली असेल तर उमेदवारी नाही. हा नियम बरा की वाईट, यावर पारावर रात्र सरेल. हरियाणातील अशाच नियमाला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवले आहे. मूल दत्तक देऊन टाकले तरी मोजणी चुकत नाही, हेही ओडिशातील एका सरपंचाच्या प्रकरणात २०१८ मध्ये ठरले. तेव्हा कोणी तशी युक्ती सांगत असेल तर तिच्या नादी लागू नये.

चौथी बाब राखीव जागांची. जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणीचे वैधता प्रमाणपत्र वेगळे. पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल पंजीतील नोंद, जुना महसुली अभिलेख हे कागद एका आठवड्यात गोळा होत नाहीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राची मुदत बंधनकारक ठरवली. त्यानंतर राज्याने सहा महिन्यांची मुदत बारा महिने केली. ती चुकली तर निवडून आलेले पदही जाते.

पाचवी बाब निवडणुकीनंतरची, म्हणून ती सर्वांत जास्त विसरली जाते. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. हरलेल्यानेही द्यावा लागतो, आणि काही खर्च केला नसेल तर शून्याचा हिशेब द्यावा लागतो. न दिल्यास पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. शौचालयाचा दाखला, मालमत्ता व गुन्ह्यांबाबतचे घोषणापत्र, अनामत रकमेची पावती या गोष्टी वेगळ्या आहेतच.

आता आपल्या घरचे, म्हणजे सहकाराचे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे कोणत्याही संस्थेचा थकबाकीदार संचालक मंडळावर येऊ शकत नाही. ‘कोणत्याही’ हा शब्द नीट वाचावा. कारखान्याचे येणे चुकते असले, पण गावच्या सेवा सोसायटीचे पीककर्ज थकले असेल, तरी कारखान्याची निवडणूक हातची गेली. ऊसबिलातून कपात झाली म्हणजे सोसायटीत रक्कम जमा झालीच, असे धरून चालू नका. सोसायटीत जाऊन खात्याचा उतारा पहा व पावती जपा. ऊस पुरवठ्याची अट पोटनियमांत असते. ती वाचून नंतरच बोलावे. एखाद्या हंगामात ऊस दुसरीकडे घातला तर त्याची किंमत पुढे मोजावी लागू शकते.

जिल्ह्यातले एक ताजे उदाहरण देतो. भंडारा व गोंदिया जिल्हा परिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२१ मध्ये ऐन भरात असताना सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या जागांची निवडणूक थांबवली. बाकीच्या जागांचे मतदान २१ डिसेंबरला झाले; थांबलेल्या जागा सर्वसाधारण होऊन त्यांचे मतदान १८ जानेवारी २०२२ ला झाले. आरक्षण असे ऐन वेळी फिरते. ते कार्यकर्त्याच्या हाती नाही. कागदांची फाइल तयार ठेवणे मात्र त्याच्या हाती आहे, आणि ज्याची फाइल तयार असते त्याला बदललेल्या जागेवरही उभे राहता येते.

माझे मत स्पष्ट आहे. कर भरावा, सरकारी जागा धरू नये, खर्चाचा हिशेब द्यावा, हे नियम योग्यच आहेत. जो गावचा कर बुडवतो त्याच्या हाती गावची तिजोरी कशी द्यावी? परंतु हेच नियम अलीकडे कुऱ्हाडीसारखे वापरले जातात. वर्षभर कोणी कोणाला थकबाकी सांगत नाही. छाननीच्या टेबलावर मात्र हरकतीचा कागद खिशातून निघतो. ज्याच्या पाठीशी वकील आहे तो निभावतो. दोन एकरवाला आणि घरकाम सांभाळून उभी राहिलेली बाई, हे दोघे बाद होतात. मग प्रभाग ‘बिनविरोध’ होतो आणि आपण गुलाल उधळतो. असे बिनविरोध गावाच्या एकीतून आलेले नसते, ते एका माणसाच्या अज्ञानातून आलेले असते. ज्याला हरवायचे त्याला मतांनी हरवावे, यातच गावाची शोभा आहे.

यासाठी तीन सूचना करतो. ग्रामपंचायतीने कराची बाकी दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावी. आपल्या कारखान्याने थकबाकीची यादी निवडणुकीच्या सहा महिने आधी गट कार्यालयात लावावी आणि बेबाकी दाखल्याच्या अर्जाला आठ दिवसांत उत्तर द्यावे, मग अर्जदार कोणत्याही गटाचा असो. धोरण ठरवणे हे संचालक मंडळाचे काम आहे. मी केवळ मत मांडले. तिसरी सूचना प्रत्येक घरासाठी आहे : घरटॅक्स व पाणीपट्टीच्या पावत्या, मतदार यादीचा उतारा, जातीचे कागद आणि सोसायटीचा खातेउतारा एका फाइलीत ठेवावा, आणि ती फाइल घरातल्या बायकांनाही दाखवावी. निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. अर्जावर सही त्यांची असते, मग थकबाकी किती हे त्यांना का ठाऊक नसावे?

गट कार्यालयात ऊस नोंदीला याल तेव्हा हा विषय जरूर काढा. कोणाला मत द्यावे ते मी सांगणार नाही, कोणता कागद लागतो ते मात्र आनंदाने सांगेन.

आपला,
ऊस विकास अधिकारी, सानगडी गट